चार पाटील, एक पूर आणि इंग्रजी प्रबंध: दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत लिहायचं कसं?

भिलवडीची

नमस्कार मंडळी. भूगोल घेऊन एम.ए.चं शेवटचं वर्ष चालू आहे, कॉलेज सांगलीत. प्रबंध इंग्रजीत द्यायचाय. विषय असा: पूर येताना आमच्या भागातली माणसं घर कधी सोडतात आणि ते कशावरून ठरवतात. सरकारी इशाऱ्यावरून, सांगलीतल्या आयर्विन पुलापाशी पाणी किती फूट झालं त्यावरून, की घरातल्या म्हाताऱ्यांनी "पाणी देवळाच्या पायरीला लागलं" म्हटल्यावरून. विषय आवडीचा आहे, वाचायला भरपूर जमवलंय, मुलाखतीही घ्यायच्यात. अडलंय ते दुसऱ्या प्रकरणात. आधी कुणी काय लिहून ठेवलंय त्याचा आढावा द्यायचा असतो ना, तिथं.

गाईड मॅडम म्हणतात, "पॅराफ्रेज कर, साइट कर." म्हणजे आपल्या शब्दांत मांड आणि कुणाचं ते सांग. मला इंग्रजी वाचून कळतं. पण लिहायला बसलं की त्या लेखातलंच वाक्य डोक्यात घुमत राहतं, त्याच्यापेक्षा बरं काही सुचत नाही. शब्द बदलले तर वाक्य लंगडं होतं, नाही बदलले तर चोरी. दहावीपर्यंत मराठी माध्यम. आमच्याकडं पुस्तकातलं उत्तर शब्दाला शब्द आलं की पाचपैकी पाच मिळायचे. आता तेच केलं तर गुन्हा. हे कधी उलटलं ते कुणी सांगितलंच नाही.

प्रत्येक वाक्यामागं कंस टाकायचा का? मग पान कंसांनीच भरेल. मराठी पेपरातल्या बातम्या इंग्रजी प्रबंधात कशा द्यायच्या? २०१९ च्या पुराबद्दल माझ्याकडं आहे त्यातलं निम्मं मराठीतच आहे. शिवाय माझ्या यादीत चार वेगवेगळे पाटील आलेत, त्यातले दोन एकाच वर्षीचे. आणि आजीनं २००५ च्या आणि २०१९ च्या पाण्याबद्दल सांगितलेलं घालायचंय. आजीला साइट करता येतं का?

मिरज_जंक्शन

ताई, एवढं काय त्यात. ऑनलाइन टूल असतात, परिच्छेद टाकायचा, दुसरा बाहेर येतो. आमच्या होस्टेलवर सगळे तेच करतात. शेवटी कंसात नाव टाका आणि मोकळ्या व्हा. सॉफ्टवेअरमध्ये साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं की कुणी विचारत नाही.

बाईंडिंगवाला

पोरी, वरच्या भावाचं ऐकू नकोस. उपदेश नाही करत, धंद्यातलं सांगतो. सांगलीत गावभागात माझं टायपिंग-बाईंडिंगचं दुकान आहे. काळं रेक्झिन, पाठीवर सोनेरी अक्षरं, डावीकडं दीड इंच समास. मी स्वतः बी.कॉम. पण एकेक प्रबंध पहिल्या पानापासून शेवटपर्यंत जेवढा मी वाचतो तेवढा परीक्षक वाचत असतील की नाही शंका आहे. मला वाचावाच लागतो, टाइप करायचा असतो.

उचललेला मजकूर ओळखायला मला सॉफ्टवेअर लागत नाही. पोरं पेन ड्राइव्ह देतात. फाइल उघडली की टाइम्स न्यू रोमन चालू असतं, मधेच चार ओळी कॅलिब्री. कुठं अक्षरामागं फिकट करडा रंग राहिलेला, कुठं निळ्या रंगात अधोरेखित लिंक. एका पानावर 'कलर' ब्रिटिश स्पेलिंगनं, पुढच्या पानावर अमेरिकन. हे सगळं मी फॉरमॅटिंगमध्ये एकसारखं करून देतो, त्याचेच पैसे घेतो. पण वाक्याची चाल मला एकसारखी करता येत नाही. पोरगं आठ-दहा शब्दांची साधी वाक्यं लिहीत असतं, "द रिव्हर इज इम्पॉर्टंट फॉर फार्मर्स" छापाची. आणि अचानक चाळीस शब्दांचं, मध्ये अर्धविराम असलेलं, गुळगुळीत वाक्य येतं. टाइप करताना हातालाच कळतं की बैठक बदलली. मला कळतं तर तुझ्या परीक्षकाला कळणारच.

आता टूलचं. तुझ्याच विषयातलं घे. आपल्याकडं नदीकाठी दोन पूररेषा आखतात. पंचवीस वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची निळी, शंभर वर्षांतून एकदा येईल त्याची लाल. इंग्रजीत त्याला 'ब्लू फ्लड लाइन' म्हणतात. एका फाइलमध्ये माझ्यापुढं 'अ‍ॅझ्युअर डेल्यूज स्ट्राइप' आलं. मी ते तसंच टाइप करून दिलं असतं तर पोराची तोंडी परीक्षा बघण्यासारखी झाली असती. हे आपल्याकडंच होतं असंही नाही. गिओम कबानाक, सिरिल लाबे आणि अलेक्झांडर मागाझिनोव्ह या तिघांनी २०२१ मध्ये असले शब्दप्रयोग छापील शोधनिबंधांतून शोधून काढले. 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स'चं 'काउंटरफिट कॉन्शसनेस' झालेलं, 'बिग डेटा'चं 'कोलोसल इन्फर्मेशन'. त्यांनी नाव ठेवलं 'टॉर्चर्ड फ्रेजेस'. मोठमोठ्या जर्नलांत सापडले. एकदा लक्षात घे, पारिभाषिक शब्द बदलायचे नसतात. पूररेषा ही पूररेषाच. कॅचमेंट, डिस्चार्ज, बॅकवॉटर, क्युसेक हे तसेच राहणार. खाली कर्नाटकात कृष्णेवर असलेल्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आहे, तो आकडा तू आपल्या शब्दांत काय लिहिणार? आकडा जसाच्या तसा, मागं स्रोत, बस्स.

मग बदलायचं काय? वाक्याचा सांगाडा. उदाहरण मीच बनवून देतो, इथं कुठल्या खऱ्या लेखातलं उचलत नाही. समजा मूळ असं आहे:

"द रॅपिड राइज इन द वॉटर लेव्हल वॉज कॉज्ड बाय हेवी रेनफॉल इन द कॅचमेंट, कम्बाइन्ड विथ अनऑथराइज्ड कन्स्ट्रक्शन अलाँग द रिव्हर बँक."

दुकानात जे येतं ते असं:

"द क्विक इन्क्रीज इन द वॉटर लेव्हल वॉज ड्यू टू इन्टेन्स रेनफॉल इन द कॅचमेंट, टुगेदर विथ इल्लीगल कन्स्ट्रक्शन निअर द रिव्हर बँक."

बोट ठेवून वाच. रॅपिडच्या जागी क्विक, राइजच्या जागी इन्क्रीज, हेवीच्या जागी इन्टेन्स. आधी काय झालं, मग कशामुळं, मग कशासोबत, क्रम तोच. स्वल्पविरामसुद्धा त्याच जागी. चोराच्या मालाला नवा रंग दिला तरी इंजिन नंबर तोच राहतो, तसं आहे हे. आणि गंमत म्हणजे हे करायला पोरांना अर्धा तास लागतो. एवढ्या वेळात परिच्छेद समजला असता.

मी काय करायला सांगतो ते सांगतो. माझ्या दुकानात एक बाक आहे, तिथं बसवून करून घेतलंय काही पोरांकडून. परिच्छेद दोनदा वाच. मग लॅपटॉप मिट. मिट म्हणजे मिटच, बाजूला सरकवू नकोस. आणि जे वाचलंस ते आजीला मराठीत सांग. आजीला 'कॅचमेंट' म्हणून चालणार नाही, तुला म्हणावं लागेल, "वर कोयनेकडं, वारणेकडं पाऊस लई पडला, आणि इथं काठावर लोकांनी घरं बांधून ठेवलेली, म्हणून पाणी पटापटा चढलं असं ह्या माणसाचं म्हणणं आहे." आजी विचारेल, "कुणाचं म्हणणं?" तिथंच तुझी सायटेशन सुरू झाली. आजीनं विचारलेलं तुला सांगता आलं नाही तर तुला परिच्छेद कळलेला नाही. मग शब्द बदलून उपयोग काय?

सांगून झालं की वहीत चार-पाच शब्दांची टिपणं काढ, मराठीत. बाजूला लेखकाचं नाव, वर्ष आणि पान नंबर तेव्हाच लिही. "नंतर लिहीन" म्हणणारी पोरं सबमिशनच्या आदल्या रात्री माझ्या दुकानात गुगलवर एकेक वाक्य टाकून ते कुठलं ते शोधत बसतात, आणि मला शटर ओढता येत नाही. दुसऱ्या दिवशी मूळ लेख न उघडता फक्त त्या टिपणांवरून इंग्रजी लिही. साधं लिही. लिहून झाल्यावर मूळ उघड आणि दोन गोष्टी बघ. लागोपाठ चार-पाच शब्द तेच आलेत का? आणि अर्थ तोच राहिलाय का? पहिली सगळे बघतात. दुसरी कुणी बघत नाही.

आणखी एक, याच्यावरून मी भांडतो. तुझ्या यादीत वडनेरे समितीचा अहवाल असणार. २०१९ च्या पुरानंतर सरकारनं नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, २०२० मध्ये अहवाल आला. तू तो अहवाल वाचलायस, की त्याच्यावरची पेपरातली बातमी? बातमी वाचली असशील तर बातमी साइट कर. शेवटच्या यादीत अहवालाचं नाव घालून रुबाब करू नकोस. तोंडी परीक्षेत "कुठल्या पानावर आहे हे?" विचारलं की घसा कोरडा पडतो.

पाटलांचं आणि पेपरांचं मला नक्की नियमानिशी सांगता येणार नाही, मी गाईड सांगतील तसं टाइप करतो. इथं एक बाई असतात, त्या सांगतील.

कऱ्हाडच्या बाई

असतात! शिकवायचं काम करते, इंग्रजीच. काका, बाकाची पद्धत उत्तम. एका ठिकाणी मात्र माझं वेगळं मत आहे, ते शेवटी सांगते. आधी हिचे प्रश्न.

भूगोलाला बहुतेक ठिकाणी संदर्भ द्यायची एपीए शैली चालते. गाईडना एकदा विचारून घे, कारण साहित्यवाल्यांची एमएलए निराळी. तिथं कंसात आडनाव आणि पान नंबर असतो, वर्ष नसतं. मी एपीएची सातवी आवृत्ती धरून सांगते.

पाटील. वेगवेगळ्या पाटलांचे वेगवेगळे लेख असतील तर मजकुरात प्रत्येक वेळी आद्याक्षर लावायचं, वर्ष निराळं असलं तरी. म्हणजे 'ए. पाटील, २०१९' आणि 'एस. पाटील, २०२०'. एकाच लेखाचे दोन्ही लेखक पाटील असतील तर मात्र आद्याक्षर नको, नुसतं 'पाटील अँड पाटील'. एकाच पाटलांनी एकाच वर्षी दोन लेख लिहिले असतील तर वर्षाला ए आणि बी जोडायचं. सांगली-साताऱ्याच्या विषयावर लिहिणाऱ्याला हा नियम पहिल्या दिवशी शिकवायला हवा. परदेशी पुस्तकांत तो कोपऱ्यात असतो कारण त्यांच्याकडं एवढे पाटील नाहीत.

प्रत्येक वाक्यामागं कंस नको. एकाच लेखाचा मुद्दा चार वाक्यं चालला तर पहिल्या वाक्यात लेखकाचं नाव आणि वर्ष दे, पुढच्या वाक्यांत "ही ऑल्सो नोट्स", "द स्टडी फाइंड्स" असं म्हणत गेलीस की वाचणाऱ्याला कळतं अजून त्याचंच चाललंय. नवा परिच्छेद झाला की परत सांग. मधे तुझं स्वतःचं मत आलं तर ते तुझं आहे हे दिसलं पाहिजे. सगळ्यात जास्त गोंधळ तिथं होतो. पोरं आपलं चांगलं निरीक्षण कंसाच्या आधी घालतात आणि ते फुकट दुसऱ्याच्या नावावर जातं.

सगळ्यांना माहीत असलेल्या गोष्टीला स्रोत लागत नाही. कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते, वारणा हरिपूरला तिला मिळते, याला कंस नको. पण २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, याला हवा. सांगलीतल्या पोरासोरांना तो आकडा पाठ असला तरी हवा. ४५ फूट ही धोक्याची पातळी आहे, हेही सांगलीबाहेरच्या परीक्षकाला माहीत असेलच असं नाही.

मराठी बातमी. शेवटच्या यादीत मथळा रोमन अक्षरांत जसा उच्चारतो तसा लिहायचा आणि लगेच चौकोनी कंसात त्याचं इंग्रजी भाषांतर द्यायचं. मजकुरात मात्र एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. मराठी बातमीतलं वाक्य तू स्वतः इंग्रजीत आणलंस तर एपीएच्या हिशोबानं ते अवतरण नाहीच, ते पॅराफ्रेज आहे. म्हणून त्याला अवतरणचिन्हं लावायची नाहीत, नाव आणि वर्ष द्यायचं. आणि याची दुसरी बाजूही ऐक. मराठीतलं इंग्रजीत आणलं की सॉफ्टवेअरला सापडत नाही, म्हणून काही जण स्रोतच देत नाहीत. सॉफ्टवेअरला सापडणार नाही, पण परीक्षक कोल्हापूरचे असतात आणि सकाळी तेच पेपर वाचतात.

दहा टक्क्यांचं मिरजेच्या मुलाला सांगते. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत. दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, दहा ते चाळीसला सुधारून परत द्यायला सांगतात, चाळीस ते साठला वर्षभर थांबवतात, साठच्या वर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत स्रोतासह दिलेलं, संदर्भयादी, अनुक्रमणिका, कायद्यांचा मजकूर हे मोजणीतून वगळतात. वर्गातले निबंध आणि असाइनमेंट या नियमांत येत नाहीत, एम.ए.चा प्रबंध येतो. पण त्याच नियमांत असंही आहे की सारांश, निरीक्षणं, निष्कर्ष, शिफारशी यांत कुणाशीच साम्य नको. म्हणजे दहा टक्के हे काही रेशनकार्डावरचं धान्य नाही, तेवढं हक्कानं उचला म्हणून. शिवाय टक्का फक्त साम्य मोजतो. कल्पना उचलून शब्द सगळे बदलले आणि नाव दिलं नाही तर टक्का शून्य येईल आणि चोरी पूर्ण असेल.

आता काकांशी मतभेद. मराठीत सांगणं हे समजण्यासाठी अगदी बरोबर. पण मराठी टिपणांवरूनच कायम इंग्रजी लिहिलं तर इंग्रजी मराठीच्या वळणाचं होतं, क्रियापद शेवटी ढकलल्यासारखं. त्यासाठी मी मुलांना एक वेगळी वही करायला लावते. वाचताना लेखातली माहिती नाही, नुसते साचे उतरवायचे. "लिटल इज नोन अबाउट", "धिस फाइंडिंग इज कन्सिस्टंट विथ", "वन पॉसिबल एक्स्प्लनेशन इज". हे साचे कुणाच्या मालकीचे नाहीत, ते वापरणं चोरी नाही. मँचेस्टर विद्यापीठाची अ‍ॅकॅडेमिक फ्रेजबँक नेटवर फुकट बघायला मिळते, तिच्यात असले ढिगानं आहेत. साचा बाहेरून, मुद्दा मूळ लेखकाचा, मांडणी तुझी.

आणि तू जे करतेस, वाक्यात चार शब्द बदलणं, त्याला रिबेका मूर हॉवर्ड या अमेरिकन अभ्यासिकेनं 'पॅचरायटिंग' म्हटलं. तिचं म्हणणं असं, की नव्या भाषेत आणि नव्या विषयात शिरणारा प्रत्येक जण या टप्प्यातून जातो, त्याला थेट चोर म्हणून शिक्षा करण्यापेक्षा शिकवा. मला ते पटतं. पण शेवटच्या मसुद्यात ते राहता कामा नये, हेही तितकंच खरं.

भिलवडीची

काका, बाई, दोघांचेही आभार. काल रात्री करून बघितलं. काकांनी दिलेलंच उदाहरण घेतलं, लॅपटॉप मिटला, आजीला सांगितलं. आजीनं खरंच विचारलं, "कोण म्हणतं असं? अलमट्टीचं काय मग?" मग लिहिलं ते असं (लेखकाचं नाव कुलकर्णी धरलंय):

"कुलकर्णी (२०२०) ब्लेम्स द फ्लड ऑन टू थिंग्ज: द रेन दॅट फेल अपस्ट्रीम, अँड इल्लीगल हाउसेस दॅट लेफ्ट द वॉटर नो रूम टु स्प्रेड."

मला तरी हे माझं वाटतंय. पहिल्यांदाच.

बाईंडिंगवाला

हे टाइप करताना हात अडखळला नसता. शाबास.

कऱ्हाडच्या बाई

वाक्य तुझं आहे, आणि छान आहे. म्हणूनच बारीक बघते. पाण्याला पसरायला जागा उरली नाही, हे मूळ वाक्यात कुठं आहे? तिथं फक्त एवढंच आहे की काठावर बांधकाम होतं आणि पाऊस होता. जागा उरली नाही हे कारण तू जोडलंस. बरोबर असेल, पण ते कुलकर्णींच्या तोंडी घातलंस. तसंच मुळात 'कन्स्ट्रक्शन' होतं, तू 'हाउसेस' केलंस. बांधकामात भराव येतो, भिंत येते, मंगल कार्यालय येतं. आणि मूळ लेखक बोलत होता पाणी चढायच्या वेगाबद्दल, तू पूर्ण पुराबद्दल लिहिलंस. तुझ्या विषयात हा फरक फार मोठा आहे, कारण माणसं घर कधी सोडतात हे पाणी किती वेगानं चढतं यावरच तर ठरतं.

क्रियापदही जपून. 'ब्लेम्स'मध्ये आरोप आहे. त्यानं नुसतं कारण दिलं असेल तर 'अ‍ॅट्रिब्यूट्स' पुरे. पुरावा देऊन बाजू मांडत असेल तर 'आर्ग्यूज', दबकत म्हणत असेल तर 'सजेस्ट्स'. 'प्रूव्हज' शक्यतो नकोच. अलमट्टीच्या बाबतीत तर हे डोळ्यांत तेल घालून बघ. आपल्याकडं चहाच्या टपरीवर "अलमट्टीमुळंच पूर आला" हे वाक्य कर्त्याशिवाय फिरतं. प्रबंधात त्याला कर्ता लागतो. कोण म्हणतं, कधी म्हणालं, कशाच्या आधारावर. गावातली माणसं तसं म्हणतात हा तुझ्या अभ्यासातला शोध असू शकतो, पण मग तो "गावकऱ्यांना असं वाटतं" म्हणून येईल, "असं घडलं" म्हणून नाही.

भिलवडीची

बापरे. एका वाक्यात एवढं. परत लिहिलं:

"कुलकर्णी (२०२०) अ‍ॅट्रिब्यूट्स द स्पीड ऑफ द राइज टु हेवी रेन अपस्ट्रीम अँड टु अनऑथराइज्ड बिल्डिंग ऑन द बँक्स. नीदर, हाउएव्हर, वॉज व्हिजिबल टु अ फॅमिली वॉचिंग द वॉटर फ्रॉम इट्स ओन डोअरस्टेप."

दुसरं वाक्य माझं स्वतःचं. म्हणून त्यात कुलकर्णी नाहीत.

कऱ्हाडच्या बाई

हे दुसरं वाक्य ठेव. असंच पाहिजे. त्याच्यामागं कंस टाकू नकोस, आणि गाईडनी "याला स्रोत कुठं?" विचारलं तर सांग, पुढच्या प्रकरणातल्या मुलाखती.

मिरज_जंक्शन

बाई, एक शंका. लांब मजकूर तसाच द्यायचा असेल तर? अहवालातला अख्खा परिच्छेद?

कऱ्हाडच्या बाई

चाळीस किंवा जास्त शब्द असतील तर वेगळा परिच्छेद करायचा, डावीकडून थोडा आत सरकवून, अवतरणचिन्हांशिवाय, शेवटी पान नंबरसह. पण शब्दच महत्त्वाचे असतील तरच. कायद्याचं कलम, समितीची शिफारस, कुणाचं गाजलेलं विधान. पावसाचं वर्णन द्यायला अख्खा परिच्छेद नको.

भिलवडीची

आजीचं राहिलंच. आणि काका, तुमच्या दुकानात २०१९ ला पाणी आलं होतं ना? गावभाग म्हणालात म्हणून विचारते.

बाईंडिंगवाला

आलं होतं म्हणजे काय. मशीन माळ्यावर चढवलं, रेक्झिनचे रोल वाहून गेले. रात्री साडेअकराला मित्राचा फोन आला, "पुलावर अमुक इतके फूट झालं, निघ." सरकारी गाडी भोंगा वाजवत नंतर आली. मी फुटांवर निघालो, भोंग्यावर नाही. भिंतीवर पाण्याची खूण अजून आहे, रंग दिला तरी तेवढी पट्टी सोडायला लावली. ये कधीही, सगळं सांगतो. फक्त मला नीट साइट कर. नाव, वर्ष, सगळं.

कऱ्हाडच्या बाई

काका, तुमची निराशा होणार आहे. एपीएमध्ये 'पर्सनल कम्युनिकेशन' म्हणून एक प्रकार आहे. समजा जलसंपदा खात्यातल्या अधिकाऱ्यानं हिला फोनवर एखादी माहिती दिली, तर त्यांचं नाव, ते दोन शब्द आणि तारीख मजकुरातल्या कंसात येते. शेवटच्या यादीत येत नाही, कारण तो फोन वाचणाऱ्याला परत ऐकता येत नाही. पण ज्यांची मुलाखत हा तिच्या अभ्यासाचाच भाग आहे, ते यात बसत नाहीत. ते सहभागी. त्यांचं बोलणं हा तिचा डेटा. आजीसुद्धा सहभागीच. फक्त ती नात्यातली आहे हे पद्धतीच्या प्रकरणात सांगून टाक, लपवू नकोस. सगळ्यांची आधी संमती घ्यायची आणि खरी नावं द्यायची नाहीत.

बाईंडिंगवाला

म्हणजे मी 'सहभागी क्रमांक अमुक'? इतकी वर्षं दुसऱ्यांची नावं सोनेरी अक्षरांत छापली, आणि माझी पाळी आली तर नंबर? बरं, भिंतीवरच्या खुणेचा फोटो तरी घाल. खाली दुकानाचं नाव येईल.

कऱ्हाडच्या बाई

नाही येणार. फोटोत पाटी दिसत असली तर तीही झाकायची.

भिलवडीची

काका, ऋणनिर्देशात तुमचं नाव घालते की.

कऱ्हाडच्या बाई

घाल, पण "टायपिंग आणि बाईंडिंगसाठी" म्हणून घाल. मुलाखतीसाठी आभार मानलेस तर सहभागी कोण ते लगेच कळेल.

बाईंडिंगवाला

चालतंय. ते पान मीच टाइप करणार आहे, स्पेलिंग तरी बरोबर येईल. गुरुवारी दुकान बंद असतं, बाकी कधीही ये. आणि पेन ड्राइव्ह नको आणूस पहिल्यांदा, ती टिपणांची वही आण.